उडती मालकी

लग्न पाहिलं होतं करून, एकदा,
हॅलिफॅक्सच्या नोंदणी कचेरीत.
घर राहिलं होतं.
चोपन्नाव्या वर्षी, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारावर
आणि एडना मावशी मागे ठेवून गेली त्या पैशांवर
टॉडमॉर्डनच्या चढावरचं चिंचोळं दगडी घर
मला झेपेल, असं बँकेला वाटलं.
आता फक्त वकील निवड, मुलगी म्हणाली,
टोमॅटो निवडायला सांगावं तशी.

पहिल्या फोनवर सतरा मिनिटं व्हायोलिन.
तेवढ्यात मी बटाटे सोलून घेतले.
मग एक मुलगा. आवाज लोण्यासारखा.
माझं नाव तीनदा घेतलं, तिन्ही वेळा चुकीचं,
आणि म्हणाला, सौदा मोडला तर एक पेनीही नको.
स्वस्त होतं. खोटं कशाला बोलू, फारच स्वस्त होतं.
माझे कागद कोण बघणार? विचारलं.
म्हणाला, टीम.

दुसरा, दलालाने सुचवलेला.
कार्ड त्याने इतक्या मायेने पुढे केलं
की कळलं, या मायेला टक्केवारी आहे.

वकील म्हणजे वकील गं, डोरीन म्हणाली कस्टर्ड ढवळत,
इकडचा कागद तिकडे, त्याचे पैसे.
डोरीनच्या भावाच्या अंगणाखाली
कोळशाच्या खाणीचा जुना बोगदा निघाला होता,
घर घेतल्यावर चार वर्षांनी.
ते मात्र ती बोलली नाही.

तिसरी बेकरीच्या वर. जिना असा उभा
की गुडघ्यांनी तिथेच माघार घेतली असती.
मिस थॅकरे. कोटाला एक बटण कमी.
बसा म्हणायच्या आधी नकाशा उलगडला, बोट ठेवलं:
मागच्या बेडरूमच्या खाली काय आहे?
जमीन, मी म्हणाले.
पाहिलीत?

पाहिली नव्हती.
शाळा सुटल्यावर गेले, ॲप्रन पिशवीत कोंबून.
बेडरूमखाली बोळ होता. शेजाऱ्याचा.
त्याचे कचऱ्याचे डबे, एक लहान मुलाची सायकल,
आणि भिंतीवर खडूने काढलेला घोडा.
माझा पलंग येणार होता त्या घोड्याच्या डोक्यावर.

याला उडती मालकी म्हणतात, मिस थॅकरे म्हणाली,
आणि हसली नाही.
चतुःसीमा सगळेच तपासतात. मी खाली आणि वरही विचारते.
त्याची भिंत खचली तर तुमची खोली खचणार,
आणि डागडुजी कोणी करायची हे कुठेच लिहिलेलं नाही.
लिहून घ्यावं लागेल. जमेलच असं सांगत नाही.

दोनशे चाळीस पौंड जास्त.
मी हिशोब कस्टर्डच्या डावांत केला,
मग सोडून दिला.

नऊ आठवडे. तिचे फोन चार,
चारही वाईट बातमीचे.
दलाल आता मला नावाने हाक मारेना.
विकणारा म्हणे, पस्तीस वर्षांत कोणी विचारलं नाही.
शेवटी शेजारी, झुल्फिकार महमूद, यांनी
स्वतःचा वकील करून, प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचून
सही केली. मग मला विचारलं,
रात्री अकराला डबे बाहेर काढतो, चालेल ना?

चालतं.
खालून चाकं घरंघळतात, पलंग किंचित थरथरतो.
लोकांच्या पायाखालची जमीन सरकते.
माझ्या पायाखाली मुळात नाहीच,
आहे ती दोन सह्यांची एक तुळई,
आणि तिच्यावर मी, कुशीवर, गाढ.

गेल्या शनिवारी तो जिना पुन्हा चढले,
हातात माझ्या हातचा कस्टर्ड टार्ट.
तिने झाकण उघडून वास घेतला.
मग म्हणाली, छपराच्या पन्हळीचं काय?
पाहिलीत?